डावी सीट भाड्याने देणे आहे

शुक्रवारी रात्री पुण्याहून बस पकडायची, नाशिकला उतरायचं, आणि शनिवारी सकाळी ओझरच्या घरी जाग यायची ती सुखोईच्या आवाजाने. खिडकीची तावदानं थरथरतात, कपाटावरचा डबा वाजतो, आणि आपण उशी कानावर ओढून घेतो. पेपर वाचत बसलेले बाबा मान वर न करता सांगतात, "इंजिन रन नाही हा, टेकऑफ आहे." एचएएलमध्ये अडतीस वर्षं काढलेल्या माणसाला विमान बघावं लागत नाही, ऐकलं तरी पुरतं.

मागच्या शनिवारी असंच एक विमान गेलं आणि मला एकदम एक जुना प्रश्न आठवला. प्रश्न जपानमधला आहे, पण त्याचं उत्तर शोधताना जुहू, मंगळूर आणि शेवटी आमचं ओझर असं सगळं फिरून आलो. आज तेच लिहितो. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

तर झालं असं, की दोन-तीन वर्षांपूर्वी मी आठ महिने टोकियोत ऑनसाइट होतो. म्हणजे कंपनी एक, तिने मला दिलं दुसऱ्या कंपनीला, आणि बसायचं तिसऱ्याच कंपनीच्या ऑफिसात. अशा भाड्याने आलेल्या माणसाला जपानीत 'हाकेन' म्हणतात. बॅजच्या दोरीचा रंग वेगळा, कॅन्टीनचा दर वेगळा. एकदा जोडून सुट्टी आली म्हणून हानेदाहून फुकुओकाला निघालो. दाराशी कमरेत वाकून स्वागत, सगळं कसं अस्सल जपानी. आणि मग स्पीकरवर कॅप्टनचा आवाज आला... खणखणीत अमेरिकन इंग्रजी! त्याचं बोलून झाल्यावर हवाईसुंदरीने तेच जपानीत सांगितलं. शेजारचे आजोबा शांतपणे झोपले, पण माझी झोप उडाली. ज्या देशात ट्रेन अर्धा मिनिट उशिरा आली तरी माफी मागतात, त्या देशाला विमान चालवायला बाहेरचा माणूस का लागावा? म्हणजे कॉकपिटमध्येही हाकेन?

एका बंदीची गोष्ट

उत्तर शोधायला १९४५ सालात जावं लागतं. युद्ध हरल्यावर दोस्त राष्ट्रांनी जपानच्या विमानविद्येवर सरसकट बंदी घातली. विमान उडवायचं नाही, बनवायचं नाही, एवढंच नव्हे तर विद्यापीठात शिकवायचंही नाही. जे विमानांची डिझाइनं करत होते ते मोटारींकडे आणि रेल्वेकडे वळले. १९६४ साली धावलेल्या शिंकानसेनमध्ये अशा विमानवाल्यांचं डोकं होतं. म्हणजे बुलेट ट्रेन ही एका अर्थी न उडालेल्या विमानाची नातेवाईक.

१ ऑगस्ट १९५१ ला जपान एअरलाइन्स स्थापन झाली, पण गंमत अशी, की या कंपनीला स्वतः विमान उडवायची परवानगी नव्हती. तिकिटं विका, प्रवाशांना चहा द्या, पण विमान आणि वैमानिक मात्र परदेशी कंपनीचे घ्या. हे काम नॉर्थवेस्ट या अमेरिकन कंपनीकडे गेलं. २५ ऑक्टोबर १९५१ ला हानेदाहून ओसाकामार्गे फुकुओकाकडे पहिलं विमान निघालं. नाव 'मोकुसेई', म्हणजे गुरू ग्रह. नाव जपानी, प्रवासी जपानी, कॉकपिट अमेरिकन. मी सुट्टीत गेलो तो मार्ग साधारण हाच!

सहा महिनेसुद्धा झाले नाहीत. ९ एप्रिल १९५२ ला हेच मोकुसेई इझू-ओशिमा बेटावरच्या मिहारा डोंगरावर आदळलं. ३७ माणसं गेली. वैमानिक अमेरिकन, हवाई नियंत्रण अमेरिकन लष्कराचं, आणि मेलेले बहुतेक जपानी. नियंत्रण कक्ष आणि विमान यांच्यात नेमकं काय बोलणं झालं, किती उंचीवर उडायला सांगितलं होतं, यावरून जपानात पुढे अनेक वर्षं वाद चालू राहिला. त्यानंतर अवघ्या १९ दिवसांनी, २८ एप्रिलला शांतता करार अमलात आला आणि जपानला आपलं आकाश परत मिळालं.

आता कुणालाही वाटेल की सुटले एकदाचे, आता आपले वैमानिक आपली विमानं. पण सात वर्षं एखादं काम बंद ठेवलं की ते नुसती बंदी उठवून सुरू होत नाही. युद्धात उडवलेल्यांचे हात गंजलेले, नवी विमानं वेगळी, नियमांची भाषा इंग्रजी. २ फेब्रुवारी १९५४ ला टोकियोहून होनोलुलूमार्गे सॅन फ्रान्सिस्कोला जपानची पहिली आंतरराष्ट्रीय सेवा सुरू झाली, तेव्हाही कॅप्टनच्या जागी अमेरिकनच होते. त्यांच्या शेजारी बसून जपानी वैमानिक शिकत होते.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. विमानात दोन सीट असतात. डावी कॅप्टनची, उजवी को-पायलटची. विमान पैसे मोजले की येतं, पण डाव्या सीटवरचा माणूस पैसे मोजून तयार होत नाही. आपल्याकडचा हिशोब घ्या. सुमारे २०० तास उडवले की व्यावसायिक परवाना मिळतो, पण कॅप्टनला लागणाऱ्या वरच्या परवान्यासाठी किमान १,५०० तास लागतात. शिवाय त्या त्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण, परीक्षा, आणि कंपनीच्या सीनिऑरिटीच्या यादीत आपला नंबर येईपर्यंत वाट बघणं. यात वर्षं जातात. धंदा मात्र तेवढा थांबत नाही. म्हणून मग डावी सीट भाड्याने द्यावी लागते.

साठ-सत्तरच्या दशकांत जपानचा धंदा असाच धावत सुटला आणि परदेशी वैमानिकांची सोय कायमचीच झाली. हे लोक एअरलाइनचे नोकर नसायचे. करार मधल्या एजन्सीशी. ठरावीक दिवस काम, मग घरी जायला सुट्टी. जपानी परवाना नव्याने काढायचा, आणि जपानची ती प्रसिद्ध वैद्यकीय तपासणी, जिच्या नावाने भलेभले कॅप्टन अजून बोटं मोडतात. पैसा चांगला, हॉटेल चांगलं. पण सीनिऑरिटीच्या यादीत नाव नाही. यादीत नाव नाही म्हणजे वरचा रस्ता नाही, आणि मंदी आली की पहिला नंबर तुमचा. वाचताना मला तर आपलंच ऑफर लेटर वाचतोय असं वाटलं :)

जुहूचा पाहुणा

आपल्याकडे याची सुरुवात फार वेगळ्या सुरात झाली होती. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. पण ते टपाल जुहूहून पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला कोणी नेलं? नेव्हिल व्हिन्सेंट नावाच्या माणसाने. जन्माने दक्षिण आफ्रिकेचा, ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडलेला. हवाई टपालाची मूळ कल्पना घेऊन तोच १९२९ साली टाटांकडे आला होता. जुहूची धावपट्टी म्हणजे समुद्रकाठचं चिखलाचं मैदान. पावसाळ्यात तिथे विमान उतरणंच शक्य नाही, म्हणून चार महिने सगळा बाडबिस्तरा पुण्याला.

व्हिन्सेंट परका होता, पण हाकेन नव्हता. तो कामाचा भागीदार होता, आणि नफा-तोट्याइतकीच 'हे असं करू नका' म्हणण्यातही त्याची पाती होती. १९४२ साली इंग्लंडहून भारताकडे परतताना त्याचं विमान नाहीसं झालं. आपल्या विमान वाहतुकीच्या इतिहासात त्याचं नाव जेआरडींच्या शेजारी येतं, आणि ते योग्यच आहे.

म्हणजे प्रश्न पासपोर्टचा नाही. मग कशाचा आहे?

अँकरेज, जानेवारी १९७७

१३ जानेवारी १९७७. अलास्कातलं अँकरेज. जपान एअरलाइन्सचं डीसी-८ मालवाहू विमान टोकियोकडे निघणार होतं. माल म्हणजे ५६ जिवंत गुरं. कॉकपिटमध्ये तिघे: कॅप्टन ५३ वर्षांचा अमेरिकन, करारावरचा. को-पायलट आणि फ्लाइट इंजिनियर जपानी. मागे गुरांची देखभाल करणारे दोघे.

कॅप्टन दारू प्यायलेला होता. थोडीथोडकी नव्हे, नंतरच्या तपासणीत रक्तात सापडलेलं प्रमाण ऐकून डॉक्टरही चमकतील इतकी. ज्या टॅक्सीने तो आला त्या टॅक्सीवाल्याला हे समजलं होतं, आणि टॅक्सी कंपनीकडून फोन करून कळवलंही गेलं होतं. पण विमान निघालं. उड्डाणानंतर काही क्षणांतच ते स्टॉल होऊन कोसळलं. पाचही माणसं गेली.

अमेरिकेच्या तपास मंडळाने कारणं लिहिली: दारूच्या अमलाखाली कॅप्टनने विमान चुकीचं हाताळलं, पंखांवरच्या बर्फाने त्यात भर घातली. आणि आणखी एक ओळ: इतर कर्मचाऱ्यांनी कॅप्टनला उड्डाण करण्यापासून रोखलं नाही, हेही अपघाताला हातभार लावणारं कारण.

टॅक्सीवाल्याला जे दिसलं ते शेजारी बसलेल्या दोघांना दिसलं नसेल? मला नाही वाटत. पण टॅक्सीवाल्याला त्या कॅप्टनबरोबर उद्या परत काम करायचं नव्हतं. त्या दोघांच्या मनात काय चाललं असेल याचा मी खूप विचार केला. समोरचा वयाने मोठा, अनुभवाने मोठा. भाषा त्याची. शिवाय तो 'बाहेरचा तज्ज्ञ', कंपनीने मुद्दाम आणलेला. त्याला अडवायचं म्हणजे आपल्या कंपनीचा निर्णय चुकीचा ठरवायचा. आणि आपण चुकीचे निघालो तर?

परदेशी होता म्हणून हे झालं असं म्हणून मोकळं होता येत नाही. ९ फेब्रुवारी १९८२ ला जपान एअरलाइन्सचंच विमान हानेदाच्या धावपट्टीआधी समुद्रात पडलं, २४ जण गेले. तिथे कॅप्टन जपानी आणि कंपनीचाच होता, पण मानसिक आजाराने ग्रासलेला. ऐन उतरताना त्याने इंजिनं उलटी फिरवली. शेजारच्यांनी त्याला आवरायचा प्रयत्न केला, पण तोवर उशीर झाला होता. म्हणजे दुखणं डाव्या सीटवरच्या माणसाच्या देशात नाही. डाव्या आणि उजव्या सीटमध्ये जी उतरंड असते, तिच्यात आहे. करार, पैसा, भाषा, वय या गोष्टी ती उतरंड आणखी उभी करतात, इतकंच.

अँकरेजनंतर दोनच महिन्यांनी, २७ मार्च १९७७ ला तेनेरिफमध्ये दोन जंबो जेट धावपट्टीवर एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. तिथेही समोर दुसरं विमान आहे का अशी शंका फ्लाइट इंजिनियरने बोलून दाखवली होती, आणि ती उडवून लावली गेली. मग १९७९ साली नासाने या विषयावर बैठक घेतली आणि तिच्यातून सीआरएम नावाचं प्रशिक्षण निघालं. आपल्या सेल्सवाल्यांचं सीआरएम नव्हे. हे 'क्रू रिसोर्स मॅनेजमेंट'. साध्या मराठीत सांगायचं तर कॅप्टनने ऐकायला शिकायचं आणि उजव्या सीटने बोलायला शिकायचं. ऐकायला किती सोपं वाटतं ना?

२०१० नावाचं वर्ष

आता थेट २०१० वर येतो, कारण या एका वर्षाच्या पहिल्या पाच महिन्यांत भाड्याच्या डाव्या सीटच्या तीन बाजू दिसल्या.

जानेवारी. १९ तारखेला जपान एअरलाइन्सने दिवाळखोरी जाहीर केली. या कंपनीची जालवेज नावाची एक उपकंपनी होती, तिथे मोठ्या संख्येने परदेशी वैमानिक काम करत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती मूळ कंपनीत विलीन झाली आणि करारावरच्या वैमानिकांचा खेळ आटोपला. यादीत नाव नसणं म्हणजे काय असतं, ते त्यांना कळलं. तसं ते पहिल्या दिवसापासून माहीतच असणार, पण माहीत असणं आणि कळणं यात फरक आहे.

फेब्रुवारी. स्कायमार्क नावाची जपानी कंपनी, हानेदाहून फुकुओकाला जाणारं विमान. (परत तोच मार्ग!) एका हवाईसुंदरीचा घसा बसला होता, आवाज फुटत नव्हता. परदेशी कॅप्टन म्हणाला, आणीबाणीत ओरडून प्रवाशांना बाहेर काढायची वेळ आली तर हिला जमणार नाही, हिच्या जागी दुसरी द्या. नियमाने हा निर्णय त्याचा. कंपनीचे वरिष्ठ म्हणाले, गरज नाही. कॅप्टन हटेना. शेवटी बदली झाली, पण हवाईसुंदरीची नव्हे, कॅप्टनची! दुसरा कॅप्टन आणून विमान पाठवलं आणि याचा करार संपवला. नंतर जपानच्या वाहतूक मंत्रालयाने कंपनीला कडक ताकीद दिली.

मे. आणि हे आपलं.

२००३ साली एअर डेक्कन आली, २००५ ला किंगफिशर, स्पाइसजेट आणि गोएअर, २००६ ला इंडिगो. स्वस्त तिकिटं आली, आपल्यापैकी कित्येकांच्या आईवडिलांनी पहिला विमानप्रवास याच काळात केला. विमानं आली, पण कॅप्टन कुठून आणायचे? तीच पन्नासच्या दशकातल्या जपानची अडचण. डीजीसीएने परदेशी परवान्यावर तात्पुरती मान्यता द्यायला सुरुवात केली. परदेशी कॅप्टन आले, त्यांना पगार जास्त, सुट्ट्या वेगळ्या. वर्षानुवर्षं उजव्या सीटवर बसून नंबर यायची वाट बघणाऱ्या आपल्या वैमानिकांना हे झोंबणारच. संघटनांनी विरोध केला. सरकारने परदेशी वैमानिक बंद करण्याची मुदत ठरवली आणि मग ती पुन्हा पुन्हा वाढवली.

२२ मे २०१०, पहाट. दुबईहून मंगळूरला आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं ८१२. बोइंग ७३७. कॅप्टन करारावरचा, सर्बियन; दहा हजारांहून जास्त तासांचा अनुभव. उजव्या सीटवर भारतीय को-पायलट. मंगळूरची धावपट्टी डोंगर सपाट करून केलेली, टोकाला दरी. चौकशी अहवाल सांगतो की प्रवासाचा बराच भाग कॅप्टन झोपला होता. कॉकपिटच्या रेकॉर्डिंगमधला सुमारे १ तास ४० मिनिटांचा काळ. विमान गरजेपेक्षा फार उंचावरून खाली येत होतं. को-पायलटने उतरू नका, गो अराउंड करा असं सांगितलं. एकदा नाही, तीनदा. विमानातल्या यंत्रणाही धोक्याचा इशारा देत होत्या. कॅप्टनने उतरायचं थांबवलं नाही. विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेलं. १६६ पैकी १५८ माणसं गेली.

अँकरेजला उजवी सीट बोलली नाही. मंगळूरला बोलली, तीनदा बोलली, पण कुणी ऐकलं नाही. आणि हानेदाला डाव्या सीटवरचा भाड्याचा माणूस स्वतःच 'नाही' म्हणाला, तर त्यालाच उतरवलं. तिन्ही ठिकाणी कमी होती ती एकाच गोष्टीची. कौशल्य भाड्याने मिळतं, अनुभव भाड्याने मिळतो. पण 'थांबा' म्हटल्यावर समोरच्याने खरोखर थांबायचं, हा अधिकार करारात छापून येत नाही. तो कामाच्या जागेने द्यावा लागतो, बाहेरच्यालाही आणि घरच्यालाही.

ओझरचा शिक्का

हे सगळं मी शनिवारी दुपारी बाबांना सांगत होतो. ते आधी हसले. म्हणाले, "अरे, परदेशी तज्ज्ञांचं तू आम्हाला काय सांगतोस? ओझर उभंच त्यावर राहिलं."

खरं आहे. १९६२ साली रशियाशी मिगचा करार झाला, १९६४ ला एचएएल स्थापन झाली आणि त्याच सुमारास द्राक्षांच्या या गावात विमानांचा कारखाना उभा राहू लागला. इंजिन कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, आणि विमानाचा सांगाडा आमच्याकडे. सुरुवातीला रशियातून सुट्या भागांच्या पेट्या यायच्या आणि इथे जुळणी व्हायची. १९७० पर्यंत कच्च्या मालापासून मिग-२१ इथे घडू लागलं. मग मिग-२७, मग २००४ पासून सुखोई-३०. प्रत्येक वेळी रशियन तज्ज्ञ आले, शिकवलं, गेले. लायसन्समध्ये ड्रॉइंग मिळतात, 'कसं करायचं' मिळतं. 'असंच का' हे मिळत नाही, ते आपलं आपल्याला शोधावं लागतं. २६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं, आणि तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरमध्ये घडलेलं पहिलं तेजस मार्क-१ए ओझरच्याच आकाशात उडालं. डिझाइन आपलं. एकसष्ट वर्षं लागली म्हणा किंवा एकसष्ट वर्षांत झालं म्हणा, ज्याची त्याची दृष्टी.

बाबा इन्स्पेक्टर होते. विमानाच्या कारखान्यात प्रत्येक इन्स्पेक्टरकडे स्वतःच्या नंबरचा एक छोटा शिक्का असतो. कागदावर तो शिक्का उमटल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. बाबांनी त्या दिवशी एक गोष्ट सांगितली, जी मी पूर्वी ऐकली नव्हती.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट, मिग-२७चं काम चालू होतं. बाबा नोकरीत नवे, पंचविशीतले. एका सांध्यातलं अंतर त्यांना जरा जास्त वाटलं. शेजारी रशियन तज्ज्ञ उभा, बाबांच्या दुप्पट वयाचा. त्याने वाकून बघितलं आणि म्हणाला, "नॉर्मालनो." म्हणजे ठीक आहे. बाबा म्हणाले, परत मोजल्याशिवाय मी शिक्का मारणार नाही. रशियन बाबांकडे बघत राहिला. सगळे थांबले. मग त्याने स्वतःच गेज मागवलं, परत मोजलं.

"मग? चूक निघाली?" मी विचारलं.

"छे! त्याचंच बरोबर होतं. अगदी मापात." बाबा हसले. "पण त्याने माझ्याशी हात मिळवला. आणि त्यानंतर तो असला की आधी विचारायचा, इन्स्पेक्टर, मोजायचं का?"

मी गप्प बसलो. कारण मला टोकियो आठवत होतं. फुकुओका नव्हे, टोकियो.

जे अजून कुठे लिहिलं नव्हतं ते आता लिहून टाकतो. तिथल्या एका रिलीजच्या आदल्या दिवशी मला दिसलं होतं की काही बिघडलं तर मागे फिरायची जी स्क्रिप्ट असते, ती कुणी एकदाही चालवून बघितलेली नाही. संध्याकाळच्या मीटिंगमध्ये मॅनेजरने सगळ्यांना विचारलं, कुणाला काही हरकत? माझा करार पुढच्या आठवड्यात वाढायचा होता. मी वहीत काहीतरी लिहितोय असं दाखवलं. रात्री दोनला काम अडकलं, मागे फिरता येईना, आणि एका दिवसाची बिलं ग्राहकांना दोनदा गेली. कुणी मेलं नाही. दोन दिवसांत सगळं निस्तरलं. पण तो बदल ज्याच्या नावावर होता, तो माझ्याहून लहान जपानी मुलगा सगळ्यांसमोर कमरेत वाकून माफी मागत उभा होता, आणि मी त्याच्या मागे, वेगळ्या रंगाची दोरी गळ्यात घालून. माझा करार वाढला.

तेव्हा मी स्वतःची समजूत घातली होती की आपण भाड्याचे, आपल्याला काय करायचंय. आता वाटतं, अँकरेजच्या त्या दोघांनीही अशीच काहीतरी समजूत घातली असेल. ते तर भाड्याचेही नव्हते.

"बाबा, तो शिक्का आहे का अजून? बघू जरा."

"नाही रे. रिटायर होताना परत द्यावा लागतो. नंबर रद्द करतात." मग थोडं थांबून म्हणाले, "शिक्का परत देता येतो. सवय थोडीच परत देता येते?"

असो. आता रविवारची दुपार आहे, संध्याकाळी पुण्याची बस. येत्या गुरुवारी आमचं एक रिलीज आहे. आत्ताच लीडला मेल टाकलाय: रोलबॅक एकदा चालवून दाखवल्याशिवाय माझा ओके धरू नका. कदाचित स्क्रिप्ट अगदी मापात निघेल आणि लोक हसतील. हसू देत.